वास्को म्हणजे गोवा नव्हे म्हणतात. मग काय आहे?

मिरजवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बदली झाली. या वेळी वास्को. घरी सांगितलं तर बायको खूश, मुलगी खूश, साडूने लगेच डिसेंबरच्या सुट्टीचा बेत आखून टाकला. ऑफिसात मूळचा गोव्याचा एक सहकारी आहे, त्याने मात्र पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "वास्को म्हणजे गोवा नव्हे हां. आधीच सांगून ठेवतो, मागाहून बोल लावू नकोस."

तीन आठवडे झाले येऊन. सध्या एकटा आहे, लॉजवर. रात्री मिरजेला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी गाडी संपते तिथेच उतरलो. स्टेशनाबाहेर एक जण विचारतो, "पायलट जाय?" मला वाटलं विमानतळ जवळ आहे म्हणून काहीतरी असेल. निघाला मोटारसायकलवाला. पिवळं मडगार्ड, मागे मी, मांडीवर बॅग, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला प्रेशर कुकर. (कुकर माझा. बायकोने दिलेला.)

नाश्त्याला बसलो तिथे वेटर ओडिशाचा, गल्ल्यावरचे गृहस्थ त्याच्याशी हिंदीत आणि मागच्या आचाऱ्याशी कन्नडमध्ये बोलत होते, फोनवर कोकणी, आणि समोर पेपर पसरलेला तो मराठी. माझं मराठी ऐकून म्हणाले, "बसा, बसा, पेपर घ्या, माझा वाचून झालाय." मिक्स भाजी आणि पाव खाल्ला. अजून रोज तेच खातोय.

आता प्रश्न. फॅमिली परीक्षा संपल्यावर येणार. मांगोर हिल, चिखली, सडा, वाडे अशी नावं दलाल सांगतोय. कुठे राहावं? मुलगी पुढच्या वर्षी सहावीत, मराठीचं काय? आणि ते "गोवा नव्हे" म्हणजे नक्की काय? चांगल्या अर्थाने की वाईट?

सडेकर

तुमचा तो सहकारी एकतर मडगावचा नाहीतर म्हापशाचा, पैज लावतो. मडगावकराला वाटतं खरा बाजार आमचा, म्हापसेकराला वाटतं खरा शुक्रवार आमचा, आणि पणजीकराला काही वाटून घ्यायची गरजच पडत नाही. वास्कोकडे काय आहे? बंदर, स्टेशन, विमानतळ. तिन्ही जागा लोक निघून जायला वापरतात.

माझे वडील वेंगुर्ल्याहून १९६८ साली आले, बंदरात लागले. हेडलँड सड्याला क्वार्टर मिळालं. एका जिन्यावर आठ घरं. दोन मालवणी, एक कारवारी, एक काणकोणचे, एक तेलुगू, एक मल्याळी, एक बार्देशचे ख्रिस्ती, आणि आठवं सतत बदलायचं. एकदा मल्याळी मावशीचं पोट दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरला समजावून सांगायला तेलुगू काकू गेल्या. हिंदीत. हिंदी दोघींनाही येत नव्हतं. डॉक्टरने औषध दिलं, पोट थांबलं, आणि त्या दिवसापासून काकू आमच्या जिन्याच्या दुभाष्या झाल्या.

सड्यावर घर बघणार असाल तर एक करा. सकाळी घरमालक झाडूपोछा करायच्या आत जा आणि खिडकीच्या फळीवरून बोट फिरवा. आमच्या लहानपणी बोट तांबडं व्हायचं. खनिज. बार्जेस जुवारी नदीतून उतरायच्या, धक्क्यावर ढीग लागायचे, वारा फिरला की आमच्या तांदळातसुद्धा तांबडं. २०१२ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या. तेव्हापासून बोट काळं. कोळसा. बंदरात काय चाललंय हे आई पेपर न वाचता सांगायची, बोट बघून.

उंचीवर वारा छान असतो, समुद्र दिसतो, जुना किल्ला जवळ आहे, जपानी गार्डनमधून सूर्यास्त फुकट. पण पांढरे पडदे घेऊ नका.

कुळे_पॅसेंजर

वास्कोत कोण राहतं हे कळायला जनगणना नको, स्टेशनवरचा गाड्यांचा फलक पुरे. गोवा एक्सप्रेस: बेळगाव, मिरज, पुणे, पार दिल्ली. अमरावती एक्सप्रेस: हुबळी, गुंटकल, विजयवाडा, पुढे बंगाल. पाटण्याची साप्ताहिक. वेलांकणीची साप्ताहिक. गावात जे जे लोक भेटतील ते यातल्याच कुठल्यातरी डब्यातून उतरलेले. काही आजोबांच्या वेळी उतरले, काही परवा.

थोडा इतिहास, कारण सगळं त्यातूनच आलंय. मुरगाव बंदर आणि ब्रिटिश हद्दीतलं कॅसलरॉक जोडणारी रेल्वे १८८८ साली रहदारीला खुली झाली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. दूधसागरच्या कुशीतून घाट चढवला तो माल बंदराला आणण्यासाठी. म्हणजे इथे आधी गाव होतं आणि मग स्टेशन आलं असं नाही. बंदर आणि रूळ आले, आणि त्यांच्या कडेला गाव वाढलं. म्हणून मडगावसारखी जुनी घरं, अंगणं, बल्कांव (दारापुढच्या ओसऱ्या) शोधत बसलात तर निराश व्हाल. बोगदा नावाचा भागच आहे. कशावरून पडलं असेल ते सांगायला नको.

मोठी गंमत अशी की सबंध गोव्याला कोकण रेल्वे ठाऊक, आणि वास्को मात्र हुबळी विभागात. आमची गाडी लेट झाली की चौकशी कन्नडमधून होते.

अवांतर: दुसऱ्या महायुद्धात गोवा तटस्थ, म्हणून जर्मन जहाजं मुरगावात आसऱ्याला नांगरून पडली होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या हौशी घोडदळातल्या पोटसुटलेल्या साहेबांनी येऊन त्यातल्या 'एहरेनफेल्स'वर हल्ला केला आणि ती जहाजं बुडाली. जाता-येता थांबणाऱ्यांचं हे गाव तेव्हापासूनच.

वरुणापुरी_बी_ब्लॉक

मिरजवाले, माझे यजमान नौदलात. ही आमची सहावी पोस्टिंग. माहेर सातारा.

कॉलनीच्या गेटच्या आत एक भारत आहे आणि गेटच्या बाहेर दुसरा. आत सगळे एकमेकांशी इंग्रजी-हिंदीत सभ्यपणे बोलतात. बाहेर भाजीवालीशी मी मराठीत, ती कानडीत, आणि हिशेब दोघींचा बोटांवर. कोथिंबीर आजवर कधी चुकीची मिळालेली नाही.

मुलीच्या शाळेचं फार मनाला लावून घेऊ नका. मराठी घरी वाचून घ्या. बायणाला रवींद्र भवन आहे, मराठी नाटकं येतात, तिला न्या.

आणि हो, पाणी. साळावलीहून येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर आपण पार टोकाला. टाकी केवढी आहे ते भाडं ठरवण्याआधी विचारा. मी आधी भाडं ठरवलं होतं.

पोदेराची_वाट

सगळे पाणी, धूळ, रेल्वे सांगताहेत. माणूस जेवतो काय ते कोणी सांगेना.

सकाळी साडेसहाला सायकलवरून पोदेर येतो. पों पों. रबरी भोंगा. टोपलीत पाव, उंडे, पोई, काकणं. तुमच्या मुलीला पोई द्या, कोंड्याची असते, गरम गरम मधोमध फाडायची आणि आत काहीही भरायचं. आमच्या गल्लीतला पोदेर हावेरीकडचा आहे. पोर्तुगीजांनी आणलेला पाव, साष्टीच्या ख्रिस्ती पोदेरांची भट्टी, आणि विकणारा कन्नड पोरगा, तो मला म्हणतो, "ताई, आज कडक उंडो आसा." त्याचं कोकणी माझ्यापेक्षा बरं आहे. मी मूळची दापोलीची.

आता मासे. मिरजेत तुम्ही किलोवर घेत असाल. इथे वाटा. फळीवर पाच-पाच, सहा-सहा बांगड्यांचा ढीग लावलेला असतो, त्या ढिगाचा भाव. सोबत वजनकाटा न्याल तर सबंध बाजार हसेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका मावशीपुढे उभी राहून ताजे कसे ओळखायचे ते मोबाईलवर वाचत होते. तिने माझा हात धरला आणि माझं बोट सरळ बांगड्याच्या कल्ल्यात घातलं. "पळे. तांबडो आसा मू? मागीर कितें वाचता?" माझ्याकडे सुट्टे नव्हते. ती म्हणाली, "व्हर गो, फाल्यां दी." (घेऊन जा गं, उद्या दे.) नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उशिरा पोचले, ती निघून गेलेली. तिसऱ्या दिवशी रविवार, गर्दी. चौथ्या दिवशी पैसे दिले तर मोजले नाहीत, कनवटीला लावले आणि वर एक बांगडा टाकला. तेव्हापासून मी तिच्याशिवाय कुणाकडून घेत नाही, आणि मला पक्का संशय आहे की तिला हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी. तेव्हा खारीवाड्यात होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवत बसलेली माणसं. त्या दोन महिन्यांसाठी मेमध्येच सुके बांगडे, सुंगटं, खारं भरून ठेवायचं. पुरुमेंत म्हणतात. तुमची फॅमिली मेमध्ये येतेय म्हणजे अगदी मुहूर्तावर. फक्त शाकाहारी शेजारी गॅलरीत भेटले तर दिलगिरीची तयारी ठेवा.

गोंयकार_७७

छान चाललंय. सगळे बाहेरून आलेले एकमेकांना गाव दाखवताहेत.

मी इथलाच. आजोबांचं घर इथल्या वाडे भागात होतं, भाट (माडांची बाग) होतं, विहीर होती. आज माझ्याच गल्लीत मी दुकानात जाऊन कोकणीत मीठ मागितलं तर दुकानदार हिंदीत विचारतो "क्या?". तुम्हाला हे गमतीचं वाटतं. सहा भाषा, आठ बिऱ्हाडं, एक जिना. मला नाही वाटत. बस स्टँडवर, बंदरात, टॅक्सीत, कुठेही बघा, आमची पोरं कुठे आहेत? जहाजावर, आखातात, लंडनमध्ये. त्यांच्या जागी कोण आलं ते दिसतंच आहे. आणि वर मराठीत लिहिणारे लोक आम्हाला सांगणार गोवा म्हणजे काय.

मी मराठीत लिहितोय कारण शाळेत मराठी शिकलो. तो माझा दोष नाही.

सडेकर

गोंयकारबाब, तुमचा राग मी समजतो. पण तुमच्या आजोबांच्या भाटात मजूर कुठून यायचे ते आठवा.

गोंयकार_७७

बार्देशमधून. घाटावरून नव्हे.

मास्तर_निवृत्त

बत्तीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळेत मराठी माध्यमात शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुरगाव तालुक्यात. शाळेचं नाव घेत नाही. भाषेच्या वादात फार शिरणार नाही. १९६७चा जनमत कौल मी पोरवयात पाहिला आहे, आमच्या घरात वडील फुलावर (महाराष्ट्रात विलीनीकरण) शिक्का मारणारे आणि मामा दोन पानांवर (गोवा वेगळा), आणि निकालानंतर मामा चार महिने जेवायला आला नाही. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं. १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात जागा राहिली. आता मीच पंच्याहत्तरीकडे झुकलो, आमची नातवंडं दोन्ही भाषांत "व्हॉटेव्हर" म्हणतात.

मला सांगायचं आहे ते वर्गाबद्दल. मी निवृत्त झालो त्या वर्षी चौथीत सव्वीस मुलं होती. घरी मराठी बोलणारी दोन. घरी कोकणी बोलणारी तीन. उरलेली लमाणी, कन्नड, तेलुगू, भोजपुरी, एक नेपाळी. कोकणी-मराठी पालक केव्हाच इंग्रजी शाळेकडे वळले. म्हणजे ज्या भाषेसाठी गोव्यात एवढी डोकी फुटली ती आज इमानेइतबारे गिरवतंय कोण? विजापूरकडच्या गवंड्याची पोर. शुद्धलेखनासकट. "पाऊस" मधला ऊ दीर्घ हे आमच्या कित्येक पेपरवाल्यांना येत नाही, ते तिला येत होतं.

'माझे गाव' हा निबंध दरवर्षी असतो. पुस्तकी निबंध सगळ्यांना पाठ: माझे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, गावात नदी आहे, देऊळ आहे. त्या वर्षी मी म्हटलं, पाठ केलेला नको, खरा लिहा. त्या मुलीने चार ओळी लिहिल्या. "माझे गाव वास्को आहे. ते फार मोठे आहे. तिथे विमान खालून जाते. तिथे माझे काका नाहीत."

दहापैकी आठ दिले. दोन कापले ते विरामचिन्हांचे.

कुळे_पॅसेंजर

मास्तर, "विमान खालून जाते" म्हणजे सड्यावरची किंवा मांगोरवरची असणार. तिथून दाबोळीला उतरणारं विमान खरंच डोळ्यांच्या पातळीवर दिसतं.

बिर्ला_स्टॉप

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मास्तरांच्या शाळेसारख्याच शाळेत मी शिकलो. घरी कन्नड. बाबा १९९१ला आले, खत कारखान्याच्या परिसरात बांधकामावर. तो भाग कागदावर जुवारीनगर, पण बसचा कंडक्टर अजून "बिर्ला, बिर्ला" असंच ओरडतो, म्हणून हे नाव घेतलं.

आधी काही वर्षं आम्ही बायणाला राहिलो. बायणा म्हटलं की लोकांना एकच आठवतं, तिथली लालबत्ती वस्ती. ती वस्ती २००४च्या जूनमध्ये पाडली, ऐन पावसात. आमचं घर तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तरी कॉलेजच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना मी 'बायणा' न लिहिता 'वास्को' लिहायचो. बहिणीचं एक स्थळ पत्ता बघून परत गेलं. आज तिथे किनाऱ्यावर संध्याकाळी लोक फिरायला येतात, मुलं फुटबॉल खेळतात, कुणाला काही आठवत नाही. ते बरंच आहे.

गोंयकार_७७ यांना एक सांगतो, रागाने नाही. "घाटी" हा शब्द मी पहिल्यांदा पाचवीत ऐकला. घरी येऊन बाबांना अर्थ विचारला. ते म्हणाले, घाट चढून जाणारे लोक. मला तो चांगला शब्द वाटला होता. मग कॉलेजात एका मैत्रिणीच्या आईने कौतुकाने म्हटलं, "तूं घाटी दिसना मरे!" तेव्हा नीट कळला.

चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे आपापल्या गावी जातात. कोण फोंड्याला, कोण मालवणला, कोण हुबळीला. आमचं विजापूरकडचं घर आजी गेल्यावर पडलं, जमीन काकांनी विकली. मी कुठे जाऊ? मी इथेच असतो. दरवर्षी.

गोंयकार_७७

शब्द चुकीचा आहे हे मान्य. मी कधी तोंडावर वापरला नाही. पाठीमागे वापरला असेन. मीठ मात्र मला कोकणीतच मागायचंय.

बिर्ला_स्टॉप

मागा की. मी कोकणीत देईन. माझ्या भावाचं दुकान आहे.

टिळक_मैदान_पूर्व

भाषा, जात, गाव सगळं बाजूला. फुटबॉलबद्दल एकाने लिहू नये? साळगावकर क्लबचा सामना असला की टिळक मैदानावर शिवी कुठल्या भाषेत पडतेय हे कुणी बघत नाही, नेमकी पडतेय ना एवढंच बघतात. २०२०-२१ला आयएसएलचे सामने झाले तेव्हा कोरोनामुळे आत कुणालाच सोडत नव्हते. घराच्या इतक्या जवळ सामना आणि आम्ही टीव्हीवर बघतोय, बाहेरचा दिव्यांचा उजेड खिडकीतून येतोय. टीव्हीवर गोल दिसायच्या आधी शिट्टी खिडकीतून ऐकू यायची. त्यामुळे सगळी मजा गेली.

मिरजवाला (धागाकर्ता)

मंडळी, चार महिने इकडे फिरकलो नाही, माफ करा. फॅमिली आली. मांगोरला घर घेतलं, तिसरा मजला, टाकी मोठी (वरुणापुरीताई, आभार), पडदे गडद निळे (सडेकर, आभार). वाटा कळला. पहिले दोन महिने मुलगी मासे खात नव्हती, आता काट्यासकट तारला खाते आणि मला शिकवते.

आज लिहितोय ते सप्ताहामुळे. मला वाटलं होतं सप्ताह म्हणजे सात दिवस. इथला दामोदर भजनी सप्ताह चोवीस तासांचा! नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रीफळ ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टाळ-पखवाज थांबत नाही. जत्रा मात्र पुढे कितीतरी दिवस. सव्वाशे वर्षं होऊन गेली म्हणे. गावात साथ आली होती, तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणला, आणि साथ हटली.

रात्री साडेअकराला गेलो. स्वातंत्र्य पथावर पाय ठेवायला जागा नाही. वेगवेगळ्या समाजांचे पार (मिरवणुका) येत होते, चित्ररथ, भजनी मेळे. मिरजेचा माणूस गाण्याच्या बाबतीत जरा नाक वर करूनच जातो, कबूल करतो. एका मेळ्यातला पखवाजवाला साठीचा असेल, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, आणि लयीत केसाइतकाही फरक नाही. मी अर्धा तास तिथेच. मागून कोणीतरी मला खांद्याने बाजूला सारलं, बघतो तर आमचा स्टेशनबाहेरचा पायलट. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "कुकर बरो आसा?"

मुलीने खाजं घेतलं, जिभेला आलं लागलं, तरी संपवलं. जत्रेतल्या दुकानदारांत किती भाषा होत्या ते मोजायचं मी विसरलो. बायको म्हणाली, "पहिल्या आठवड्यात तर मोजून मोजून मला फोनवर सांगायचास."

सडेकर

गाडी कुठे लावलीत ते सांगा. सप्ताहात पार्किंग मिळालं असेल तर तुम्ही वास्कोकर झालात.

मिरजवाला (धागाकर्ता)

चालत गेलो. चढ येताना लागतो हे विसरलो होतो.

पोदेराची_वाट

नारळी पौर्णिमा झाली, नवे बांगडे आलेत. मावशी तुमच्याबद्दल विचारत होती. "तो वजनकाटो हाडपी खंय गेलो?" तुम्ही खरंच काटा घेऊन गेला होतात??

मिरजवाला (धागाकर्ता)

एकदाच. छोटा होता. खिशातला.

मास्तर_निवृत्त

मुलीच्या मराठीचं काय केलंत?

मिरजवाला (धागाकर्ता)

मास्तर, शाळेत तिसरी भाषा म्हणून आहे, पण गंमत वेगळीच. वर्गात ती "मराठीची" म्हणून सगळ्यांना शंका विचारायला सापडली, आणि दोन आठवड्यांत कळलं की तिच्या बाकावरची तेलुगू मुलगी व्याकरणात तिच्या पुढे आहे. घरी येऊन रडली. आता दोघी एकत्र अभ्यास करतात. आमच्याकडे संध्याकाळी डोसा असतो, त्यांच्याकडे थालीपीठ गेलं.

चवथीला मिरजेला जायचं पक्कं होतं, आदल्या दिवशी मुलीला ताप भरला. राहिलो. आणि काय सांगू, दीड दिवस हे गाव ओळखू येत नव्हतं. दुकानं बंद. बाजारात फळ्या उलट्या टाकलेल्या. पोदेर नाही. बस स्टँडवर शटलच्या रांगेच्या जाळीत एक कुत्रं झोपलेलं. आमच्या इमारतीत बारा घरं, उजेड फक्त आमच्या आणि तळमजल्यावरच्या आजींच्या. मी गॅलरीत उभा राहून विचार करत होतो की एवढे सगळे लोक गेले कुठे, प्रत्येकाला जायला एकेक गाव कसं काय आहे. विमान मात्र वेळेवर आलं, खालून.

बिर्ला_स्टॉप

अहो मग फोन करायचा ना. मी म्हटलं होतं ना इथे असतो म्हणून. आम्ही पाच जण, घरचा छोटा गणपती, आणि करंज्या एवढ्या उरल्या की शेवटी दुकानात वाटल्या. गोंयकारबाब येऊन चार घेऊन गेले.

गोंयकार_७७

तीन. आणि त्यांना आम्ही नेवऱ्यो म्हणतो.

मिरजवाला (धागाकर्ता)

नंबर कुठे होता माझ्याकडे! पुढच्या चवथीला नक्की.

बिर्ला_स्टॉप

चवथीपर्यंत कशाला थांबता? रविवारी या, वहिनींना आणि मुलीला घेऊन. नंबर निरोपातून पाठवतो. मडगावची बस धरा आणि कंडक्टरला बिर्ला सांगा. जुवारीनगर सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. उतरल्यावर चढाकडे नाही, उताराकडे. तिसरं दुकान. बाहेर पाण्याची निळी पिंपं आहेत.